ताज्याचा धनी

प्रवासाला निघालेला माणूस दोन प्रकारचे खाणे विकत घेतो. एक वाटेत खाण्याचे आणि दुसरे घरी नेण्याचे. पहिले कागदाच्या पुडीत असते, दुसरे खोक्यात. पहिल्याने बोटाला चटका बसतो, दुसऱ्यावर तारीख छापलेली असते. दोन्ही एकाच बाजारातून, एकाच खिशातल्या पैशांनी घेतलेली. परंतु घरी पोहोचल्यावर आपण खोके तेवढे पिशवीतून काढून सर्वांसमोर ठेवतो. पुडीची गोष्ट सहसा काढत नाही. कोणी विचारलेच तर "काही नाही, वाटेत चहा घेतला" एवढ्यावर भागवतो.

असे का व्हावे? ती पुडी चोरीची नसते. तिच्यापायी घरातला कोणी उपाशी राहिलेला नसतो. तरीही गरम, ताजा आणि त्यातून गोड घास घरच्यांना सोडून एकट्याने खाल्ला की मनाला कुठेतरी टोचत राहते. ही टोचणी योग्य की अयोग्य, एवढाच या लेखाचा विषय आहे. प्रश्न खाण्याचा दिसतो, पण तो हक्काचा आहे. ताज्या वस्तूवर पहिला हक्क कोणाचा? जो समोर आहे त्याचा, की ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचा? आणि हे दोघे एक नसतील तेव्हा माणसाने कसे वागावे?

आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला हा प्रश्न पडण्याची नेमकी जागा म्हणजे सुरत स्टेशन. मराठी पुस्तकांत सुरत म्हटली की १६६४ आणि १६७० ही दोन साले येतात. आमच्या लेखी मात्र सुरत म्हणजे पोटापाण्याचे गाव. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. कोणी मागावर, कोणी साडीच्या दुकानात, कोणी हिऱ्याच्या घंटीवर. सणावाराला ही मंडळी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसतात, आणि कोजागरीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक खोके असते. त्या खोक्यात घारी असते.

आपल्याकडे घारी म्हणजे लाल भोपळ्याची किंवा गुळाची तळलेली पुरी. सुरतेची घारी वेगळी. मावा परतून त्यात पिस्ते, बदाम, वेलची, केशर घालायचे, त्याचा चपटा गोळा मैद्याच्या पातळ पारीत भरायचा, तुपात तळायचा, आणि तो पूर्ण निवल्यावर घट्ट तुपात साखर फेटून त्याचा जाड लेप द्यायचा. लेप थिजला की घारी पांढरीशुभ्र दिसते. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत 'चंदनी पडवो' असतो. त्या रात्री गाव रस्त्यावर येते आणि चांदण्यात बसून घारी आणि भुसू नावाचा चिवडा खाते. आपण कोजागरीला दूध आटवतो, ते दुसऱ्या दिवशी घारी खातात, चंद्र एकच.

या घारीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती गरम खाता येत नाही. कढईतून काढलेली घारी ही अर्धवट घारी असते. ती निवायला हवी, तुपात बुडायला हवी, थिजायला हवी. तो तुपाचा लेप चवीसाठी आहेच, पण आतला मावा हवेपासून राखण्याचे कामही तोच करतो. घारी जन्मतेच मुळी थांबण्यासाठी. १८५७ च्या धामधुमीत तात्या टोप्यांच्या सैनिकांना बळ यावे म्हणून घारी प्रथम केली, अशी कथा सुरतेत सांगतात. लोककथा म्हणूनच ती घ्यावी. पण घारी हे दूर जाणाऱ्या माणसाचे पक्वान्न आहे, एवढे त्या कथेलाही ठाऊक आहे.

याच सुरतेत लोचोही मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचे वाटण वाफवून, घट्ट होण्याआधीच बशीत ओढायचे, वर तेल किंवा लोणी, शेव, कांदा. लोचो पाच मिनिटांत खाल्ला नाही तर त्याचा लगदा होतो. तो कोणी खोक्यात भरून शिंदखेड्याला नेत नाही. एकाच गावाने दोन पदार्थ केले, एक दूर असलेल्यांसाठी आणि एक समोर बसलेल्यासाठी. आपला प्रश्न सुरतेने आपल्या परीने असा सोडवून ठेवला आहे. पण तो आपल्याला जितका सोपा वाटतो तितका नाही, हे मला जपानची एक गोष्ट ऐकून उमगले.

*

माझा भाचा रेल्वेच्या कामाच्या प्रशिक्षणासाठी काही महिने जपानात होता. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला झाली, तेव्हापासून आमच्या बाजूची काही मुले त्या देशाचे नाव घेऊ लागली. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गावर सुरतेचे स्थानक अंत्रोली गावाजवळ, हिऱ्याच्या पैलूंसारख्या दर्शनी बाजूचे. भाचा परत आला तेव्हा आम्ही त्याला गाड्यांच्या वेगाविषयी विचारत होतो आणि तो आम्हाला मिठाईविषयी सांगत होता.

हिरोशिमाजवळ मियाजिमा नावाचे बेट आहे. तिथली 'मोमिजी मांजू' प्रसिद्ध. मेपलच्या पानाच्या आकाराचा, मऊ केकसारखा छोटासा तुकडा, आत गोड सारण. हा प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे निघाला. त्या बाजूच्या एका स्टेशनालगतच्या दुकानात भाच्याने पाहिले, ते असे. काचेपलीकडे साचे फिरताहेत, पीठ पडते आहे, सारण पडते आहे, साचा मिटतो, उघडतो, आणि वाफाळलेले पान बाहेर येते. लोक रांगेत उभे राहून एकेक गरम पान घेतात, तिथेच बाजूला उभे राहून खातात. मग तेच लोक आत जाऊन दहा-बारा पानांचे बंद खोके घेतात. खोक्यातले प्रत्येक पान वेगळ्या वेष्टनात, कारण ते कचेरीत प्रत्येकाच्या मेजावर एकेक ठेवायचे असते. या भेटीला ते 'ओमियागे' म्हणतात. बाहेरगावी गेलेल्याने तिथली खासियत सोबत्यांसाठी आणलीच पाहिजे, असा रिवाज. जवळजवळ सक्तीच.

भाचा म्हणाला, "मामा, त्या गरम पानाची मला लाज वाटली नाही. सगळेच खात होते. कोणी लपवत नव्हते."

मी त्याला आतले सारण कसले, असे विचारले. "पुरण," तो म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. आझुकी नावाची लाल, चवळीएवढी कडधान्ये शिजवून, साखर घालून आटवायची. त्याला ते 'आन' म्हणतात. आपण हरभऱ्याची डाळ घेतो, ते आझुकी घेतात; बाकी कृती आपल्या कोणत्याही आजीला ओळखू येईल अशी.

या आनची आणि सुरतेची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे त्यांनी आपली भाकरी नेली. आपण तिला पाव म्हणू लागलो, जपानी लोक पान म्हणू लागले. शब्द एकच, कान दोन. पुढे किमुरा यासुबेई नावाच्या एका सामुराई घराण्यातल्या माणसाने तलवारीचे दिवस संपल्यावर १८६९ मध्ये तोक्योत बेकरी घातली. लोकांना पाव रुचेना. तेव्हा त्याने तांदळाची दारू करताना वापरतात त्या किण्वाने पीठ फुगवले, आत आन भरले, आणि १८७४ मध्ये 'आनपान' तयार झाले. ४ एप्रिल १८७५ रोजी ते सम्राट मेइजींपुढे ठेवले गेले आणि मग देशभर गेले. पावात पुरण भरल्यावर जपान्यांनी पाव आपला मानला.

सुरतेत त्याच सुमाराला जवळपास तेच चालले होते. डच वखारीतली भट्टी डच गेल्यावर तिथल्या पारशी कारागिराकडे आली, असे सांगतात; दोटीवालांची बेकरी आपला आरंभ १८६१ चा मानते. तिथला पाव ताडीने फुगवलेला. ताडीमुळे तो टिके, पण ताडीमुळेच पुष्कळ घरांत तो चालत नसे. उरलेला पाव वाळून कडक होई. तो वाळका पावच लोकांना चहाबरोबर आवडू लागला आणि त्यातून सुरती बटर-बिस्किटे आली. शेजारीच अंडे न घालता केलेली नानखटाई रूढ झाली. तोक्योतला मनुष्य तांदळाच्या दारूने पाव फुगवत होता, सुरतेतला ताडीने. पहिल्याने नव्या पदार्थाला पुरण भरून ताजेपणी आपलेसे केले, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाने तो शिळा झाल्यावर आपलासा केला. दोन्ही पदार्थ दीडशे वर्षे टिकले.

म्हणजे ताजे ते चांगले आणि शिळे ते वाईट, असा सरळ हिशेब कुठेच नाही. जपान्यांनी तर या हिशेबाची दोन खाती केली आहेत. तिथल्या खाद्यपदार्थांवर दोन प्रकारच्या तारखा असतात. 'शोहि किगेन' म्हणजे या दिवसानंतर खाऊ नका, अपाय होईल. 'शोमि किगेन' म्हणजे या दिवसापर्यंत चव जशी असावी तशी असेल. पुढेही खाता येईल, पण चवीची हमी नाही. लवकर नासणाऱ्या मालावर पहिली, टिकणाऱ्यावर दुसरी. पोटाची मुदत निराळी, जिभेची निराळी. आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटासमोर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे दुकानदारांना बंधनकारक झाले.

पण तारीख लिहिली की सत्य लिहिले, असेही नाही. तीनशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या एका जपानी पेढीने न खपलेली मिठाई गोठवून, पुन्हा वितळवून तिच्यावर नवी तारीख घातल्याचे २००७ मध्ये उघड झाले. त्या मिठाईने कोणी आजारी पडल्याचे ऐकिवात नाही, तरी देशभर संताप झाला आणि पेढीला काही महिने दुकाने बंद ठेवावी लागली. मला तो संताप रास्त वाटतो. गिऱ्हाईक ती मिठाई स्वतःसाठी नेत नव्हते. ते ती कोणाच्या तरी हातात ठेवून, तुझ्यासाठी आजची आणली आहे, असे सांगणार होते. पेढीने गिऱ्हाइकाला तर फसवलेच, शिवाय त्याच्या तोंडून त्याच्या माणसाला खोटे सांगवले.

*

आता आपल्या शास्त्रांकडे वळू. एकट्याने खाण्याविषयी ती फार कडक आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ११७ वे सूक्त दानाचे आहे. जो एकटा खातो तो केवळ पापच खातो, असा त्याचा रोख. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात स्वतःपुरते शिजवणाऱ्याविषयी हाच विचार येतो. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला चार गोष्टी एकट्याने करू नयेत म्हणून सांगतो: गोड पदार्थ एकट्याने खाऊ नये, महत्त्वाच्या कामाचा विचार एकट्याने करू नये, प्रवास एकट्याने करू नये, आणि सगळे झोपले असता एकट्याने जागू नये.

विदुराची ही यादी मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण तिच्यात गोड घास आणि प्रवास शेजारी शेजारी आहेत. सुरतेला मागावर काम करणारा मुलगा चारांपैकी तीन नियम मोडून बसलेला असतो. तो एकटा प्रवास करतो, पैशाचा विचार एकटा करतो, रातपाळीला सगळे गाव झोपलेले असता जागतो. उरला गोड घास. तेवढा एक नियम पाळणे त्याच्या हातात असते आणि तो तो प्राणपणाने पाळतो. घारीचे खोके तो उघडत नाही. ज्यांना या वागण्यात नुसता भाबडेपणा दिसतो त्यांनी थोडे थांबून पाहावे. परगावी राहणाऱ्या माणसाजवळ प्रेम दाखवण्याची साधने फार थोडी असतात.

पण विदुराचे सांगणे नीट वाचले तर तो 'घरच्यांशिवाय खाऊ नये' असे म्हणत नाही. तो 'एकट्याने खाऊ नये' म्हणतो. या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्याने माणूस वाटेत उपवास करतो, दुसऱ्याने तो शेजाऱ्याकडे पाहतो. आपल्या परंपरेने ताज्या अन्नावर एक विलक्षण मनुष्य हक्कदार म्हणून बसवला आहे. तो म्हणजे अतिथी. ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. खोक्यातल्या मिठाईला तिथी असते. ती घरच्यांची, कारण घरचे त्या तिथीला भेटणार हे ठरलेले आहे. कढईतल्या घासाला तिथी नसते, आणि अतिथीलाही नसते. म्हणून त्या दोघांची गाठ पडावी, अशी योजना आहे. दुरावलेल्यांचे कर्तव्य टिकाऊ वस्तूने फेडावे. ताजी वस्तू समोर असेल त्याची.

हा विचार मला ग्रंथांत नंतर सापडला. आधी तो मी गाडीत पाहिला होता.

काही वर्षांपूर्वी, कोजागरी होऊन तीन-चार दिवस झाले असतील, सुरतेहून भुसावळच्या गाडीने परतत होतो. समोरच्या बाकावर पंचविशीतला एक मुलगा बसला होता. शिंदखेड्याकडचा, लिंबायतला राहणारा. मांडीवर घारीची दोन खोकी, त्यांवर दोन्ही हात. तुपाचा वास डब्यात दरवळत होता. शेजारी नंदुरबारला जाणाऱ्या एक वृद्ध बाई. व्यारा गेल्यावर बाईंनी फडके सोडले. कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, कांदा. अर्धी भाकरी मोडून त्यांनी न विचारता त्याच्या हातावर ठेवली. तो "नको, माय" म्हणाला, पण भूक लागलेल्या माणसाचे 'नको' किती टिकणार? त्याने खाल्ली. खाता खाता त्याची नजर दोन-तीनदा खोक्यांकडे गेली आणि बाईंकडे गेली. ज्या बाईने आपल्याला खाऊ घातले तिच्यासमोर दोन किलो घारी मांडीवर घेऊन बसायचे, याची त्याला अडचण वाटू लागली होती. आणि खोके फोडावे तर घरी उघडे खोके न्यायचे. त्याने दोरीला हातही लावला.

बाईंच्या ते लक्षात आले. त्या म्हणाल्या, "राहू दे, पोरा. ते घरनं शे."

तो ओशाळून हसला. "घर जाईसन खासूत," म्हणाला. पण त्याचे समाधान झाले नव्हते.

नवापूरला गाडी थांबली. नवापूरचे स्टेशन ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी सांगतो की त्याच्या फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि एक महाराष्ट्रात आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरचे एक बाकही दोन राज्यांत विभागलेले आहे. मुलगा खोकी बाईंच्या स्वाधीन करून झटकन उतरला. गाडी सुटता सुटता परत आला तेव्हा त्याच्या हातात कागदाच्या दोन मोठ्या पुड्या होत्या, तेलाने डागळलेल्या. गरम कांदाभजी. त्याने पहिली पुडी बाईंपुढे धरली, मग माझ्यापुढे, मग खिडकीशी बसलेल्या दोन मुलांपुढे, आणि मग स्वतः खाल्ली. आता त्याचा चेहरा मोकळा होता. घारीची दोरी तशीच होती.

त्या मुलाने काही विचार मांडला नव्हता. पण घरच्यांचे घरच्यांना आणि समोरच्यांचे समोरच्यांना, अशी वाटणी त्याने करून दाखवली. शिवाय समोरच्यांत त्याने स्वतःलाही मोजले होते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

*

इथे कोणी म्हणेल की एवढ्याशा भज्यांवर आणि मिठाईवर नीतीचा केवढा डोलारा! मान्य आहे. पण हाच प्रश्न गाडीतून उतरवून घरात आणला की तो लहान राहत नाही.

मराठी घरात सर्वांत जास्त वेळा बोलले जाणारे असत्य कोणते? माझ्या मते, "मी खाल्ले, तुम्ही खा." त्याच्या खालोखाल, "मला गोड आवडत नाही." पहिली पोळी तव्यावरून उतरल्यापासून शेवटची उतरेपर्यंत जी व्यक्ती तव्यासमोर असते, तिच्या वाट्याला गरम पोळी किती वेळा येते? घरात सगळ्यांत जवळ तीच असते, चटके तिलाच बसतात, आणि ताज्याच्या वाटणीत नेमकी तीच गैरहजर धरली जाते. समोर असूनही ती समोर नसते. सकाळची उरलेली भाकरी, कालची भाजी, तळाशी लागलेला भात, हे सर्व तिच्या नावे जमा होते आणि आपण त्याला त्याग असे मोठे नाव देऊन मोकळे होतो.

मागावरच्या मुलाने खोके न उघडणे आणि आईने कढईतली पहिली करंजी न चाखणे, या गोष्टी वरून सारख्या दिसतात. फरक असा की मुलाने तो नियम स्वतः निवडला आहे. वाटल्यास तो नवापूरला उतरून भजी घेऊ शकतो. आईला उतरायला स्टेशन नाही. जो त्याग रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाकडूनच होतो, त्याला त्याग म्हणताना आपण जरा कचरले पाहिजे.

असत्याचा आणखी एक दोष आहे. त्याची भरपाई पुढे मुलांना करावी लागते. "मला भूक नाही" हे आईचे म्हणणे लहानपणी आपण खरे मानतो. वय वाढल्यावर कधीतरी, एखाद्या परक्या गावी, ताजा घास हातात असताना, ते खोटे होते हे अचानक कळते. मग हातातला घास घशाखाली उतरत नाही. लेखाच्या आरंभी ज्या टोचणीविषयी लिहिले, तिचे मूळ मला इथे दिसते. पुडी लपवणारा माणूस बायको-मुलांना भीत नसतो. त्याला तो गरम घास कोणा एकीने कधीच न खाल्लेला घास वाटतो. म्हणून ती टोचणी खोटी नाही. मात्र तिचे उत्तर आपणही उपाशी राहणे हे नव्हे. त्याने फक्त असत्याची पिढी वाढते. आज मी न खाता खोके नेतो, उद्या माझा मुलगा नेईल, आणि घरी तव्यासमोर उभे राहणारी तशीच उभी राहील.

परंपरेला हे कळत नव्हते असे नाही. शिळासप्तमीला चूल पेटवत नाहीत. सुरतेकडे तर आदल्या दिवशी 'रांधण छठ' म्हणून सगळे शिजवून ठेवतात आणि शीतळा सातमीला घरातले लहानथोर तेच थंड अन्न खातात. त्या दिवशी गरम कोणालाच नाही, म्हणून शिळेही कोणा एकीचे नाही. देवीच्या नावाने चूल विसावते आणि चुलीबरोबर चुलीपुढचे माणूसही. वर्षातून एक दिवस का होईना, शिळ्याची वाटणी सम होते. उरलेल्या दिवसांत ताज्याची वाटणी सम करणे आपल्यावर सोडलेले आहे.

कोणी विचारील की मग नैवेद्याचे काय? पहिला ताजा घास देवाचा, हे तर आपण मानतो. जरूर मानावे. मला त्यात वर सांगितलेल्याच नियमाची खूण दिसते. देव आपल्या दृष्टीने कधी परगावी नसतो. तो समोर आहे, असे धरूनच ताट मांडतो. तो काही काळ पाहतो आणि घास परत देतो. ताजे अन्न आधी कोणा दुसऱ्यापुढे धरावे आणि मग आपणही खावे, एवढीच त्या क्रियेची शिकवण. आपण त्यातला पहिला भाग पाठ केला आणि दुसरा काही माणसांपुरता विसरून गेलो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी दिवाळीचा फराळ चालू असेल. फराळ ही टिकाऊ अन्नाची मोठी विद्या आहे. चकली, शेव, अनारसे, लाडू, करंज्या. महिनाभर राहतील, पुण्या-मुंबईला जातील, आता तर समुद्रापार खोक्यांतून जातात. दुरावलेल्यांना विसरू नये म्हणून आपल्या बायकांनी घडवलेली ही विद्या आहे आणि तिचा मान मोठा. सुरतेची घारी आणि जपानचे वेष्टनातले पान ही तिचीच भावंडे. खोकी अवश्य भरावीत.

पण करंज्यांचा पहिला घाणा निघतो त्या वेळी घरात काय होते, ते या वर्षी पाहावे. साटा लावलेली पारी फुलून आलेली असते, तूप अजून कडांवर उकळत असते. ती करंजी थोड्या वेळाने निवेल, डब्यात जाईल, चांगलीच लागेल; पण आत्ता ती जशी आहे तशी पुन्हा होणार नाही. देवापुढे एक ठेवावी. दारी कोणी आलेला असेल, मोलकरीण असेल, टपालवाला असेल, तर एक त्याला द्यावी. आणि एक, कोणी काही म्हणायच्या आत, मोडून, फुंकर घालून, तळणाऱ्या बाईच्या हातावर ठेवावी. ती "तुम्ही खा, मी मग खाईन" असे म्हणेल. तिथून हलू नये. तिने ती खाईपर्यंत झारा आपल्या हाती घ्यावा.